बुधवार पेठेतलं बिनविजेचं घर

पुण्यात घराचं वायरिंग नव्यानं करायचं असलं, दिवाळीला माळा घ्यायच्या असल्या किंवा जुन्या पंख्याचा कंडेन्सर बदलायचा असला, की माणूस बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातो. दुकानाला दुकान लागून. दारावर टांगलेले होल्डर, रस्त्यापर्यंत आलेली वायरची बंडलं, भर दुपारी लुकलुकणाऱ्या माळा. निम्म्या पुण्याला उजेड इथून जातो. याच बुधवार पेठेत डॉ. हेमा साने नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ आयुष्यभर घरात वीज न घेता राहिल्या.

साने बाईंचा जन्म १३ मार्च १९४० चा. वनस्पतिशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली, भारतविद्येचाही रीतसर अभ्यास केला. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात त्यांनी कित्येक वर्षं शिकवलं आणि २००० साली त्या निवृत्त झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी त्या गेल्या. जुनं, साधं घर, भोवती दाट झाडी, सोबतीला कुत्रा, मांजरं, मुंगूस आणि झाडांवरचे पक्षी. ही जागा या सगळ्यांची आहे, मी फक्त राखणीला आहे, अशा अर्थाचं त्या भेटायला येणाऱ्यांना सांगत. घरात विजेचा दिवा नाही, पंखा नाही, फ्रीज नाही, टीव्ही नाही. मध्य पेठेतल्या अशा जागेला काय भाव येतो हे पुणेकराला वेगळं सांगायला नको, त्यामुळे विकून टाका म्हणणारे खूप होते. विकली तर झाडांचं आणि पाखरांचं कोण बघणार, हे त्यांचं उत्तर ठरलेलं. वेडं म्हणणारेही होते. त्यांच्याशी त्या वाद घालत बसल्या नाहीत.

त्यांच्यावर छापून आलेल्या बहुतेक मजकुरात ‘अजब’, ‘विलक्षण’ असे शब्द सापडतात. मला त्यात काही अजब वाटत नाही. अन्न, वस्त्र, निवारा या गरजा, वीज फार नंतर आली आणि तिच्याशिवाय माझं भागतं, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. मनःशांतीचा प्रयोग म्हणून त्यांनी हे मांडलं नव्हतं आणि तसं ते त्यांच्या नावावर खपवणं योग्यही नाही. पण या प्रकरणाचा विषय आहे मनाचा निवळपणा, आणि तो शोधायला आपण हिमालयाचं तिकीट काढतो, म्हणून त्यांच्या घरापासून सुरुवात केली. त्या शहर सोडून गेल्या नाहीत. रोज वर्गावर उभं राहून त्यांनी विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवला, परीक्षा घेतल्या, पुस्तकं लिहिली. ‘आपले हिरवे मित्र’सारखं झाडांवरचं पुस्तक त्यांनी लिहिलं, तसं बोधिवृक्ष आणि बौद्ध परंपरेवरही लिहिलं. एकाच झाडाकडे त्याच्या पानाच्या टोकापासून शिल्पातल्या त्याच्या कोरीव रूपापर्यंत बघायचं, तर दोन शास्त्रं एका डोक्यात बराच काळ एकत्र नांदावी लागतात. अशा कामाला सलग संध्याकाळी लागतात.

आणि ही पेठ काही शांत नव्हे. दगडूशेठ गणपतीचं मंदिर बुधवारातच, मानाचा दुसरा गणपती असलेली तांबडी जोगेश्वरीही तिथलीच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे, आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर आवाज शंभराच्या पुढे गेल्याच्या नोंदी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी करत आले आहेत. तेव्हा निवळपणासाठी आधी संपूर्ण शांतता हवी, ही अट मला मान्य नाही. ढोलताशाचा आवाज मोठा असतो, पण तो तुमच्याकडून उत्तर मागत नाही. तो येतो, कानावर आदळतो, चौकातून पुढे जातो. खिशातला फोन थरथरतो तेव्हा आवाज जवळजवळ नसतोच, पण कोणीतरी तुमची वाट पाहत थांबलेलं असतं. मन गढूळ होतं ते या दुसऱ्या गोष्टीनं.

आता दिव्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

कंदिलाखाली वाचलेली माणसं अजून आपल्यात आहेत. संध्याकाळ झाली की काच उतरवायची, राख लावून फडक्यानं पुसायची, वात कातरीनं सरळ कापायची, नाहीतर ज्योत एका बाजूनं चढते आणि काच काजळते. मग वही दिव्याच्या जवळ सरकवायची, कारण दिवा सगळ्या खोलीला पुरत नाही. त्याच्या उजेडात एक पान मावतं, फार तर दोन. हातभर अंतरावर कपाट असतं, पण ते दिसत नाही. कपाटातलं राहिलेलं काम, भिंतीवरचं कॅलेंडर, खुंटीवरचा शर्ट, सगळं अंधारात. पुढ्यात जे आहे तेवढंच करायचं, याची सोय दिवाच करून देतो. छताला लावलेली ट्यूबलाइट खोलीतल्या सगळ्या वस्तू एकदम समोर आणून उभ्या करते.

ही झाली नजरेची गोष्ट. शरीराची गोष्ट याहून खोल आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यात, बघण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज, निव्वळ उजेड किती आहे हे मोजणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. सस्तन प्राण्यांमध्ये त्या २००२ साली नीट ओळखल्या गेल्या. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात आणि दिवस आहे की रात्र, हा निरोप मेंदूतल्या घड्याळाला पोचवतात. अंधार पडू लागला की हे घड्याळ मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडायला लावतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशीही दहा हजारांच्या आसपास. कचेरीत आपण पाचशे लक्समध्ये दिवस काढतो आणि घरी येऊन रात्री अकरापर्यंत दोनशेत बसतो. म्हणजे दिवस पुरेसा उजळत नाही आणि रात्र पुरेशी काळोखी होत नाही.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या केनेथ राइट यांच्या गटानं २०१३ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ जणांना त्यांनी उन्हाळ्यात आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत ठेवलं. टॉर्च नाही, फोन नाही. दिवसा सूर्य, रात्री शेकोटी. आठवड्यानंतर मोजलं तेव्हा त्यांच्या शरीरात मेलाटोनिन वाढू लागण्याची वेळ सुमारे दोन तास अलीकडे आली होती आणि सूर्यास्ताशी जुळली होती. रात्री उशिरा जागणारे आणि लवकर झोपणारे यांच्यातलं अंतरही कमी झालं. माणसं आठच होती हे लक्षात ठेवून बोलायला हवं, पण त्यामागची यंत्रणा पक्की आहे. सकाळी दहापर्यंत डोकं जड राहतं, चहाचे दोन कप झाल्याशिवाय काम सुचत नाही, ही आपल्या ओळखीची तक्रार बऱ्याच अंशी रात्रीच्या दिव्यांची आहे. साने बाईंच्या घरात हे घड्याळ कधी बिघडलंच नसणार, असं म्हणायला हरकत नाही. पाखरांबरोबर उठणाऱ्या माणसाला पाखरांचाच उजेड मिळतो.

पुणेकरांनी याची थोडी चव भारनियमनाच्या काळात घेतली होती. २००६ साली उद्योगांचे जनरेटर चालवून शहर भारनियमनमुक्त करण्याची ‘पुणे मॉडेल’ नावाची व्यवस्था आली, आणि घरोघरी इन्व्हर्टरही आले. त्याच्या आधीच्या संध्याकाळी मला चांगल्या आठवतात. वीज गेली की आधी सगळ्या आळीतून एक ‘अरेरे’ उठायचा, मग लोक गॅलरीत यायचे. पंधरा मिनिटं चिडचिड. त्यानंतर मात्र वेगळंच काहीतरी व्हायचं: आजी बोलायला लागायची, मुलं जिन्यात अंताक्षरीला बसायची. त्या काळाचे मी गोडवे गात नाही. उकाड्यात तान्ह्या मुलाला वारा घालत बसलेल्या आईला किंवा घरी नेब्युलायझर लागणाऱ्या दमेकऱ्याला विचारा. पण त्या पहिल्या पंधरा मिनिटांकडे नीट बघण्यासारखं आहे.

रिकामं मन सुरुवातीला आवडत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन यांनी २०१४ साली काही माणसांना पंधरा मिनिटं एका रिकाम्या खोलीत नुसतं बसवलं. करायला काही नाही, फक्त विचार. खोलीत एक बटण होतं आणि ते दाबलं की विजेचा सौम्य झटका बसे. तो झटका नको, तो टाळायला पैसे देऊ, असं आधीच सांगितलेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत तो स्वतःला किमान एकदा देऊन घेतला. फोन बाजूला ठेवणाऱ्याला पहिल्या संध्याकाळी प्रसन्न वाटत नाही ते यामुळेच. आधी सलते ती पोकळी. बरेच जण इथूनच परत फिरतात आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणतात. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं विपश्यना शिबिर दहा दिवसांचं असतं, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. पुण्यात स्वारगेटजवळ दादावाडीत आणि आळंदीच्या पुढे मरकळला त्यांची केंद्रं आहेत. पहाटे चारला घंटा, फोन जमा, मौन. पहिले दोन-तीन दिवस पाय आणि डोकं दोन्ही बंड करतात, असं तिथून आलेला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. तीनच दिवसांचं शिबिर असतं, तर बहुतेकांच्या पदरी फक्त बंडच पडलं असतं. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अशा शिबिराला जाऊ नये.

लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर नेलं तरी ते पूर्ण जात नाही. आधीच्या कामाचा काही अंश मागे चिकटून राहतो आणि नवीन काम तेवढ्यानं कच्चं होतं. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये हे प्रयोगांतून मांडलं. २०१७ साली टेक्सास विद्यापीठातल्या एका गटानं त्याहून पुढची गोष्ट सांगितली: फोन बंद करून टेबलावर ठेवलेल्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवून आलेल्यांनी आकलनाच्या चाचण्या चांगल्या सोडवल्या. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा फरक दर वेळी तितका ठळक आला नाही. तरी मला त्यातलं म्हणणं पटतं, कारण फोन न बघण्यालाही मेहनत पडते. दर दहा मिनिटांनी ‘आत्ता नको’ असा निर्णय घ्यावा लागतो आणि निर्णय घेणारं मन तेच असतं, ज्याला काम करायचं असतं.

मला साने बाईंच्या घराचं मोल दिसतं ते इथे. तिथे रोज संध्याकाळी कुणी निग्रह करत नव्हतं. टीव्ही लावू की नको, हा प्रश्न त्या घरात जन्मलाच नाही. एकदा ठरलं आणि साठ-सत्तर वर्षांच्या हजारो बारीकसारीक निर्णयांतून सुटका झाली. आपण मात्र सगळ्या वस्तू हाताशी ठेवतो आणि वर मनाला म्हणतो, घट्ट राहा. मग ते हरलं की स्वतःला दोष देतो. हा दोष मनाचा कमी आणि मांडणीचा जास्त आहे.

सक्तीचा एकांत हा वेगळा विषय, पण पुण्यात तो टाळून पुढे जाता येत नाही. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, पाचेक महिन्यांत लिहून काढलं. शाई मिळत नव्हती म्हणून शिसपेन्सिलीनं, सुटे कागद मिळत नव्हते म्हणून पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्यांत. सुटकेनंतर हस्तलिखित हातात यायला वेळ लागला आणि १९१५ साली ग्रंथ छापून झाला. हे सांगून तुरुंगाला तपोवन म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती आवडत नाही. मधुमेहानं ग्रासलेला माणूस सहा वर्षं परमुलखात होता, आणि पत्नी सत्यभामाबाई १९१२ साली पुण्यात वारल्या तेव्हा तो तिथेच होता. शिवाय पाच महिन्यांत ग्रंथ उतरला तो आधीच्या कित्येक वर्षांच्या वाचनामुळे, आणि ते वाचन ‘केसरी’, खटले, प्लेग, सभा यांच्या धबडग्यात झालेलं होतं. एकांत मनात काही नवीन टाकत नाही. आधी पडलेलं तो खाली बसू देतो. ज्याच्या डोक्यात काही शिजत नाही, त्याला दहा दिवस कोकणातल्या होमस्टेमध्ये ठेवलं, तर तो झोप काढून परत येईल. तीही वाईट नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. यंत्रांशिवाय जगण्याचं गुणगान बहुधा ती माणसं करतात ज्यांचे कपडे दुसरं कुणी धुतं. पाटा-वरवंटा, चूल, हापशाचं पाणी यांतून पुण्यातल्या आमच्या आधीच्या पिढ्यांच्या बायकांना निवळपणा मिळाला नाही, पाठदुखी मिळाली. गॅस आणि मिक्सर आले तेव्हा कित्येकींना आयुष्यात प्रथमच दुपारी पुस्तक उघडता आलं. साने बाई एकट्या राहत, त्यांच्या गरजा त्यांनी स्वतः आखल्या होत्या, आणि राबत होत्या त्या स्वतःसाठी. म्हणून त्यांचं उदाहरण घ्यायचं ते आपल्या घरात कुठली वस्तू वेळ देते आणि कुठली खाते, हे तपासण्यापुरतं. वॉशिंग मशीन वेळ देतं. जेवणाच्या टेबलावरचा फोन खातो.

ज्याला एवढंही जमत नाही, त्याच्यासाठी पुण्यात टेकड्या आहेत. तुकोबा देहूहून भंडाऱ्यावर, भामचंद्रावर जात आणि परत गावात येत. रोज सकाळी वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती चढणारे हजारो पुणेकर नकळत तेच करतात. मिशिगन विद्यापीठात २००८ साली मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एकदा झाडांमधून आणि एकदा शहराच्या रस्त्यावरून पन्नासेक मिनिटं चालायला लावलं. ऐकलेले आकडे उलट क्रमानं सांगण्याच्या चाचणीत झाडांमधून आलेले सुमारे वीस टक्के सुधारले, रस्त्यावरून आलेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. कडाक्याच्या थंडीत ते चालणं ज्यांना आवडलं नाही, त्यांनाही फायदा झाला. टेकडीवर कानात बोंडं घालून मीटिंग ऐकत चालणाऱ्यांना तो कितपत होत असेल, याची मला शंका आहे. वेताळ टेकडी फोडून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढण्याला शहरातले लोक इतक्या कळकळीनं विरोध करतात, त्याचा संबंध भूजल आणि मोरांइतकाच याच्याशीही आहे. चालत जाऊन डोकं रिकामं करता येईल अशी जागा शहरात एकदा गेली की परत येत नाही.

एकट्या माणसाची अडचण तरीही राहतेच. मी फोन बंद केला, पण बाकीच्यांनी केला नाही, तर मी काहीतरी हुकवतोय ही टोचणी जात नाही. याचं उत्तर मला पुण्यात सापडलं नाही, ते सांगली जिल्ह्यात सापडलं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर आली, शाळा परत भरली तरी पोरांच्या हातचा फोन सुटेना, आणि शिक्षकांच्या ते लक्षात आलं. २०२२ साली सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि गावातले टीव्ही, फोन बंद होतील. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेल. सुरुवातीला लोक हसले. पुरुषमंडळी बातम्या सोडेनात, मालिकांवरून घरोघरी कुरबुर झाली. मग ग्रामपंचायतीचे कर्मचारी, शिक्षक, आशाताई दारोदार फिरल्या. हळूहळू मुलं पुस्तकं घेऊन बसायला लागली आणि मोठी माणसं ओट्यावर.

या दीड तासात वडगावचा माणूस काहीच हुकवत नाही, कारण सगळं गाव एकाच वेळी गप्प असतं. फोन उचलला नाही म्हणून शेजारी रागावत नाही. आईनं मुलाला ‘फोन ठेव’ म्हणायचं कारण राहत नाही, भोंगा म्हणतो. साने बाईंनी एका घरापुरतं जे ठरवलं, ते इथे गावानं दीड तासापुरतं ठरवलं.

पुण्यातल्या दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला हे अशक्य नाही. पाण्याच्या वेळा आपण पाळतोच. पण इथे गाठ वेगळी आहे. संध्याकाळी सातला हिंजवडीतल्या आयटी कंपनीतल्या माणसाचा दिवस संपलेला नसतो, अमेरिकेचा सुरू होत असतो, आणि सोसायटीचा भोंगा त्याच्या साहेबाला ऐकू जात नाही. कामाच्या वेळेनंतर आलेल्या फोनला किंवा मेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समधल्या कर्मचाऱ्यांना १ जानेवारी २०१७ पासून कायद्यानं मिळाला आहे. तसाच हक्क आपल्याकडे यावा म्हणून बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, आणि नंतर पुन्हा मांडलं. खासगी विधेयक संसदेत संमत होऊन कायदा बनल्याची शेवटची घटना १९७० सालची आहे. असा कायदा होईपर्यंत हिंजवडीतल्या माणसाला हा दीड तास आपल्या साहेबाकडून मागूनच घ्यावा लागणार, आणि एकट्यानं मागण्यापेक्षा सगळ्या टीमनं मिळून मागितला तर तो मिळण्याची शक्यता जास्त.